देश आणि राष्ट्र : देशभक्तीच्या मराठी कल्पनेची चिकित्सा

१

मराठीत ‘देश’ हा शब्द एकाच वेळी निरनिराळ्या आवाक्यांनी वावरतो. भारत हा देश, हा त्याचा आजचा राजकीय अर्थ. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठारी मुलूख हाही देशच. कोकणातला माणूस घाट चढला की तो ‘देशावर’ जातो. देशमुख व देशपांडे हे परगण्याचे वतनदार. त्यांच्या पदनामातील देश काही गावांच्या समूहाएवढाच आहे. खानदेश, माणदेश या नावांतील देशाला पुन्हा स्वतंत्र सीमा आहेत. आणखी मागे गेल्यास, चक्रधरांनी अनुयायांना कानडी व तेलुगू मुलखांत न जाण्याविषयी केलेल्या उपदेशात त्या भाषिक प्रदेशांचा निर्देश ‘देश’ असाच होतो. ‘राष्ट्र’ या शब्दाचीही हीच गत आहे. आधुनिक राष्ट्रराज्याच्या कितीतरी आधीपासून तो ‘महाराष्ट्र’ या प्रदेशनामात वसलेला आहे.

एकोणिसाव्या शतकात ‘देशभक्ती’, ‘देशाभिमान’, ‘स्वदेश’ हे शब्द आजच्या अर्थाने रूढ झाले, ते या अनेकार्थी भूमीवर. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’तील ‘आमच्या देशाची स्थिती’ या निबंधात ‘देश’ हिंदुस्थानव्यापी आहे. परंतु ‘आमच्या’ या सर्वनामाचा आवाका तेवढा नाही. ते सर्वनाम मराठी वाचणाऱ्या, नवशिक्षित, बहुतांशी उच्चवर्णीय वाचकाला उद्देशून येते. देशाची कल्पना विस्तारली, पण ती कल्पना करणारा ‘आम्ही’ आहे तेवढाच राहिला. पुढील शंभर वर्षांच्या मराठी राष्ट्रविषयक लेखनातील मुख्य ताण या विषम विस्तारातून निर्माण झाला आहे.

हा ताण प्रथम नेमकेपणाने ओळखला तो जोतीराव फुल्यांनी. १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी राष्ट्राला ‘एकमय लोक’ असा प्रतिशब्द योजला आणि शूद्रातिशूद्र, भिल्ल, कोळी आदी लोक शिकून विचारक्षम होऊन एकमय झाल्याखेरीज राष्ट्र घडणारच नाही, अशी भूमिका घेतली. या प्रतिशब्दात भूमीचा उल्लेख नाही, लोकांचा आहे. राष्ट्र ही भूतकाळाकडून मिळालेली वस्तू नसून साधावयाची अवस्था आहे, हे त्यात गृहीत आहे. देशभक्तीच्या मराठी विचाराचे दोन प्रवाह येथेच वेगळे होतात. एक प्रवाह देश आहेच असे मानून त्याची स्तुती करतो. दुसरा तो अजून व्हावयाचा आहे असे मानून त्याची चिकित्सा करतो.

२

बहुभाषिक देशाने स्वतःचे गीत कसे रचावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ समारंभाचा वाटतो. वस्तुतः तो काव्यशास्त्राचाही प्रश्न आहे. ‘वंदे मातरम्’ हे गीत बंकिमचंद्रांच्या ‘आनंदमठ’ (१८८२) या कादंबरीत येते. मूळ गीतात मातेच्या संततीची संख्या सात कोटी आहे. हा आकडा साऱ्या हिंदुस्थानचा नव्हे, तर त्या वेळच्या विस्तृत बंगाल प्रांताचा आहे. पुढे हे गीत अखिल भारतीय झाले तेव्हा सात कोटींच्या जागी तीस कोटी आले. संख्या बदलली, प्रतिमा मात्र बदलली नाही. जलसमृद्ध, हिरवीगार, शीतल वाऱ्याची ती भूमी गंगेच्या त्रिभुज प्रदेशातली आहे. माणदेशातला मेंढपाळ किंवा मारवाडातला शेतकरी हे गीत म्हणतो तेव्हा तो दुसऱ्या प्रदेशाच्या निसर्गाला आपली माता मानत असतो. यात गैर काही नाही. कल्पनेने दुसऱ्याचा निसर्ग आपला करणे हेच साहित्याचे कार्य आहे. परंतु एका प्रदेशाची प्रतिमा सर्वांची प्रतिमा होते तेव्हा ती ‘प्रादेशिक’ राहत नाही आणि बाकीच्या सर्व प्रतिमा मात्र प्रादेशिक ठरतात. ‘राष्ट्रीय’ आणि ‘प्रादेशिक’ या कोटी निसर्गसिद्ध नसून अशा स्थानांतरातून घडतात, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

रवींद्रनाथांच्या ‘जन गण मन’ (१९११) या गीताची रचना निराळी आहे. त्यात एकाच भूमीचे चित्र नाही; प्रदेशांची गणना आहे. पंजाब, सिंध, गुजरात, मराठा, द्राविड, उत्कल, वंग अशी नावे एकापुढे एक येतात. येथे ऐक्य प्रतिमेने साधत नाही, यादीने साधते. यादीचे सामर्थ्य असे की तीत प्रत्येकाचे नाव टिकते. तिची मर्यादा अशी की तीत नसलेला प्रत्येक जण आपली अनुपस्थिती मोजू शकतो. ईशान्येकडील पर्वतप्रदेशांना या गणनेत स्वतंत्र नाव नाही. उलट, १९४७ नंतर सिंध भारतात राहिला नाही, पण त्याचे नाव राहिले. ते वगळावे, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली फेटाळली. भूमी गमावलेल्या सिंधी भाषकांना त्या एका नावात आपला देश राखता आला. नकाशा आणि गीत यांच्यातील ही विसंगती दोष म्हणून पाहण्याचे कारण नाही. राष्ट्र हे नकाशाहून अधिक काही असते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

१९५४ साली स्थापन झालेल्या साहित्य अकादमीने ‘भारतीय साहित्य’ ही कल्पना उभारली ती या दोन रचनांच्या मधोमध. भारतीय साहित्य एकच असून ते अनेक भाषांतून लिहिले जाते, हे तिचे गृहीतक. आज अकादमी २४ भाषांना मान्यता देते. परंतु ‘एकच’ या शब्दाचा अन्वय कसा लावायचा, हा प्रश्न सुटलेला नाही. ऐझाझ अहमद यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘इन थिअरी’ या ग्रंथात भारतीय साहित्य ही कोटी सैद्धांतिक दृष्ट्या सिद्ध झालेली नाही, असा आक्षेप घेतला. निरनिराळ्या भाषांतील साहित्याचे इतिहास एकापुढे एक ठेवल्याने भारतीय साहित्याचा इतिहास होत नाही. त्यासाठी या साहित्यांमधील संबंधांचा इतिहास लिहावा लागतो. विविधतेत एकता हे सूत्र या संबंधांविषयी मौन पाळते. विविधता आणि एकता ही दोन्ही नामे त्यात आहेत. त्यांना जोडणारी क्रिया नाही.

३

या मौनाला मराठीतून मिळालेले सर्वांत सकस उत्तर म्हणजे भालचंद्र नेमाडे यांचा देशीवाद. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९९१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या ‘टीकास्वयंवर’मधून या भूमिकेची व्याप्ती ध्यानात येते. साहित्यकृती ही विशिष्ट भाषा, भूमी आणि समाज यांच्या अनुबंधातून निर्माण होते. आयात केलेल्या निकषांनी तिचे मूल्यमापन करणे म्हणजे वसाहतवादी मानसिकतेचे पुनरुत्पादन होय, हा या भूमिकेचा गाभा. महानुभाव गद्य, वारकरी परंपरा आणि फुल्यांचे लेखन यांना मराठीच्या मुख्य प्रवाहाचे स्थान देऊन देशीवादाने वाङ्मयेतिहासाची मांडणीच बदलली. राष्ट्रवाद वरून खाली येतो, देशीयता खालून वर जाते, हा भेदही त्याने ठसविला. ‘देश’ या शब्दाचा जुना, लहान, हाताशी असलेला अर्थ त्याने पुन्हा प्रचारात आणला, हे त्याचे मोठे श्रेय.

तथापि, देशीयतेच्या संकल्पनेपुढे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न देशीच्या आतील देशीचा. मराठी ही इंग्रजी व हिंदी यांच्या संदर्भात दबलेली भाषा म्हणून बोलते. परंतु गोव्यात तिचे स्थान एवढे सरळ नाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमतकौलात गोव्याने महाराष्ट्रातील विलीनीकरण नाकारले. त्याआधी आणि नंतरही कोकणी ही मराठीची बोली आहे, असे प्रतिपादन मराठी विद्वानांनी हिरिरीने केले. अकादमीने १९७५ साली कोकणीला मान्यता दिली आणि १९९२ साली ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समाविष्ट झाली. शेजारच्या भाषेला बोली ठरविणारा युक्तिवाद आणि प्रादेशिक साहित्याला दुय्यम ठरविणारा राष्ट्रीय युक्तिवाद यांची तर्करचना एकच आहे. जो प्रदेश केंद्राकडे मान्यता मागतो, त्याने ती आपल्या अंतर्भागाला दिली आहे काय, ही देशीयतेची पहिली कसोटी ठरते.

दुसरा प्रश्न मुळांच्या रूपकाचा. देशीयतेचे विवेचन भूमीत रुजलेपण हे मूल्य मानते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) इतकी मातीची जाण असलेली मराठी कादंबरी दुर्मीळ. तिच्यात राष्ट्र कोठे दिसत नाही. राज्य मात्र दिसते, ते एका तरुण शाळामास्तराच्या रूपाने. धनगरांच्या वाडीला शाळा आणि तालीम मिळते, सामुदायिक जीवनाचा एक लहानसा आकार उभा राहतो आणि दुष्काळात वाडी मेंढरे घेऊन जगायला बाहेर पडते. या कादंबरीतील माणसे भूमीशी जोडलेली आहेत, पण भूमीला खिळलेली नाहीत. चालत राहणे हीही त्यांची देशी परंपराच. रुजणे हा देशीयतेचा एकमेव आकार मानल्यास भटके, स्थलांतरित, ऊसतोडीला जाणारे, गिरणगावात आलेले अशा असंख्य मराठी माणसांना या देशात पत्ता उरत नाही.

या मुद्द्याला डॉ. आंबेडकरांच्या विचाराने धार येते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी गावाच्या उदात्तीकरणावर कठोर टीका केली आणि गावाऐवजी व्यक्तीला घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी हजारो जातींत विभागलेला समाज राष्ट्र कसा होईल, असा प्रश्न विचारून जातींना राष्ट्रविरोधी ठरविले. फुल्यांच्या ‘एकमय लोक’ या कल्पनेचा धागा येथे घटनात्मक भाषेत पुन्हा प्रकटतो. ज्याला गावकुसाबाहेर राहावे लागले त्याच्या दृष्टीने ‘देशी’ हा शब्द निरागस असू शकत नाही, कारण त्याचे बाहेर असणेही देशीच होते. दलित साहित्याने देशाविषयी केलेले तिखट प्रश्न अनेकदा देशद्रोहाच्या शंकेने वाचले गेले. वस्तुतः ते देशभक्तीच्या दुसऱ्या, चिकित्सक प्रवाहातले आहेत.

४

राष्ट्र, धर्म आणि जात यांचा हा गुंता एका कृतीत केंद्रित करणारी भारतीय कादंबरी म्हणजे रवींद्रनाथांची ‘गोरा’ (१९१०). गोरा कर्मठ आचार पाळतो तो श्रद्धेपेक्षा राष्ट्राभिमानाने. पाळणाऱ्या आनंदमयीच्या घरीही तो दासी लछमियाच्या हातचे पाणी घेत नाही. आपण १८५७ च्या धामधुमीत जन्मलेले आयरिश मूल आहोत, हे कळताच सर्व देवळांची दारे त्याला बंद होतात आणि त्याच क्षणी त्याला आपण खऱ्या अर्थाने भारतीय झाल्याचे जाणवते. कादंबरीच्या अखेरीस तो लछमियाकडून पाणी मागवतो. देशभक्तीची परिणती घोषणेत न होता पाण्याच्या पेल्यात होते, हे रवींद्रनाथांच्या प्रतिभेचे यश आहे.

तरीही या शेवटाची मर्यादा नजरेआड करता येत नाही. पाणी मागणारा गोरा बोलतो. पाणी देणाऱ्या लछमियाला काय वाटते, ते कादंबरी सांगत नाही. समतेचा क्षण गोऱ्याच्या आत्मशोधाचा कळस म्हणून येतो, तिच्या हक्काची पूर्तता म्हणून नव्हे. सतरा वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर हेच पाणी दुसऱ्या बाजूने दिसले. तेथे कोणी कोणाच्या हातचे पाणी स्वीकारण्याचे औदार्य दाखविले नाही. ज्यांना मनाई होती त्यांनी सार्वजनिक पाणी आपले म्हणून घेतले. ‘गोरा’ आणि महाड हे एकमेकांचे खंडन करीत नाहीत. परंतु पहिल्याचा अर्थ दुसऱ्याशिवाय पूर्ण होत नाही. एका बंगाली कादंबरीचा शेवट मराठी मुलखातील एका घटनेच्या प्रकाशात वाचणे, हीच भारतीय साहित्य या कोटीला आशय देणारी वाचनक्रिया होय.

५

अशा आंतरप्रादेशिक संबंधाला मराठीत नाव मिळाले ते साने गुरुजींच्या ‘आंतरभारती’ या कल्पनेने. कोकणात जन्मलेल्या, खानदेशात अमळनेरला शिक्षक म्हणून घडलेल्या या लेखकाने तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात तमिळ भाषेचा परिचय करून घेतला आणि तिरुवळ्ळुवरांचे ‘कुरल’ मराठीत आणले. प्रांतोप्रांतीच्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, हा त्यांचा आग्रह राष्ट्रभाषेच्या धोरणाहून मूलतः निराळा होता. राष्ट्रभाषा सर्वांना एका तिसऱ्या ठिकाणी बोलावते. आंतरभारती प्रत्येकाला शेजाऱ्याच्या घरी पाठवते. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण करणारी व्यक्तीही हीच, हा योगायोग नव्हे. प्रदेशाची सीमा ओलांडणे आणि देवळाचा उंबरठा खुला करणे ही एकाच देशभक्तीची दोन अंगे होती. साने गुरुजींच्या वाङ्मयातील भावविवशतेवर समीक्षेने बरेच लिहिले. तिच्या आड राहिलेल्या या वैचारिक सुसंगतीची मात्र पुरेशी दखल घेतली नाही.

या मार्गाला पूर्वपरंपराही आहे. नामदेवांची ६१ पदे शिखांच्या आदिग्रंथात आहेत. महानुभावांचा मराठी ग्रंथसंभार पंजाबातील मठांतून शतकानुशतके वाचला गेला. राष्ट्रराज्याची कल्पना नसताना हे घडले. म्हणून ते राष्ट्रीय एकात्मतेचे प्राचीन पुरावे म्हणून मिरवणे अनैतिहासिक ठरेल. त्यांतून एवढेच सिद्ध होते की, देश आणि देश यांच्यामध्ये जाण्यायेण्याचा रस्ता होता आणि तो भाषांतून जात होता.

देशभक्ती ही भावना असल्याने तिची चिकित्सा करू नये, असा एक समज आहे. परंतु भक्तीची परंपरा ज्या भाषेत दैवताशी भांडण्याचाही अधिकार देते, त्या भाषेत हा समज टिकणे कठीण. बहुसांस्कृतिक देशातील देशभक्त साहित्य कोणते, हे त्यात देशाचे नाव किती वेळा येते यावरून ठरणार नाही. त्यातील ‘आम्ही’ कोणाकोणाला सामावतो, आणि जो सामावलेला नाही त्याला त्याविषयी बोलण्याची जागा उरते की नाही, यावरून ते ठरेल. या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक प्रदेशाने, मराठीनेही, प्रथम आपल्या घरात द्यावयाचे आहे.