पेप्टाइडांचे ‘ग्रंथालय’ : एका पारिभाषिक रूपकाची चिकित्सा

१

मुळशी तालुक्यातील नांदे या गावी लुपिन या औषध-उद्योगाचे संशोधन-केंद्र आहे. तेथून फार दूर नसलेल्या पिंपरीस १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, आणि तेथील संशोधकांनी मातीतील एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळविले. त्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव कायमचे राहिले आहे. अशा परिसरातील विद्यार्थी औषधशोधाविषयी मराठीतून बोलू लागला, तर त्यात नवल नाही. प्रश्न एवढाच की, तो कोणत्या शब्दांनी बोलतो.

प्रयोगशाळेतील कार्याचे मूल्यमापन करण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही. त्याचा विषय भाषाशास्त्र. परंतु शब्दांची परीक्षा हे भाषाभ्यासकाचे कर्तव्यच होय. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गापुढे बोलताना प्रस्तुत लेखकाने ‘पेप्टाइडांचे ग्रंथालय’ हा प्रयोग निःशंकपणे केला. वीस ॲमिनो आम्ले ही वर्णमाला, त्यांची साखळी म्हणजे पेप्टाइड हा शब्द, आणि कोट्यवधी शब्दांचा साठा हे ग्रंथालय, अशी ती मांडणी होती. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, हे ग्रंथ लिहिले कोणी, आणि वाचणार कोण?” उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

२

प्रथम ‘ग्रंथालय’ हा शब्द घेऊ. ग्रंथालयातील प्रत्येक ग्रंथ कोणीतरी काही सांगण्यासाठी लिहिलेला असतो; त्याची नोंद असते, आणि वाचक नोंद पाहून ग्रंथ मागवितो. पेप्टाइडांच्या साठ्यात यांपैकी काहीच नाही. तेथे वर्ण यदृच्छेने जुळविलेले असतात. सात ॲमिनो आम्लांच्या साखळ्या घेतल्या, तर त्यांचे १२८ कोटी प्रकार संभवतात. बारांच्या साखळ्या घेतल्या, तर ही संख्या सुमारे ४१ कोटी कोटींवर जाते. प्रत्यक्षात तयार होणारा साठा पुष्कळदा शंभर कोटींच्या आसपास असतो; म्हणजे बारा वर्णांच्या संभाव्य शब्दांपैकी सुमारे चाळीस लाखांत एक तेवढाच तेथे हजर असतो. जेथे बहुतेक ग्रंथ आलेलेच नाहीत आणि आलेल्यांस लेखक नाही, त्यास ग्रंथालय म्हणणे हे सौजन्य झाले, वर्णन नव्हे.

इंग्रजीत हा शब्द रूढ झाला, त्यामागे त्या भाषेची सवय आहे. तेथे तो कोणत्याही सुव्यवस्थित साठ्यास लावला जातो. मराठीतील ‘ग्रंथालय’ मात्र ‘ग्रंथ’ या पदास घट्ट बांधलेले आहे. म्हणून शब्दाचे भाषांतर झाले, पण अर्थाचे झाले नाही. ‘पेप्टाइड-संग्रह’ हा साधा शब्द येथे पुरेसा आहे.

३

दुसरा शब्द ‘चाळणी’. या शोधप्रक्रियेस सरसकट ‘चाळणी लावणे’ म्हटले जाते. आपल्या घरांत धान्य स्वच्छ करण्याची तीन क्रियापदे आहेत. चाळणे हे आकारमानावरून, पाखडणे हे वजनावरून, आणि निवडणे हे डोळ्यांनी पाहून, बोटांनी उचलून. ताटात आंबेमोहोर पसरून खडा वेगळा काढणारी मुळशीतील गृहिणी तांदूळ ‘निवडते’, ‘चाळत’ नाही. हा भेद भाषेने जपला आहे; परिभाषेने तो गमावण्याचे कारण नाही.

प्रयोगशाळेतही रीती एकाहून अधिक आहेत. १९९१ साली किट लॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी रीत प्रसिद्ध केली की, प्रत्येक सूक्ष्म मण्यावर एकाच प्रकारचे पेप्टाइड असावे. लक्ष्य-प्रथिन ज्या मण्यास चिकटेल तो रंगाने ओळखू येतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो उचलून घेतला जातो. हे शब्दशः ‘निवडणे’ होय.

दुसरी रीत जॉर्ज स्मिथ यांच्या १९८५ सालच्या कार्यातून निघाली. तीसाठी त्यांना २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. जीवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूच्या जनुकात परका तुकडा जोडला की त्यातून होणारे पेप्टाइड विषाणूच्या कवचावर प्रकट होते. बाहेर उच्चार आणि आत त्याचे लेखन, अशी ही जोडी अभंग राहते. १९९० साली या रीतीने यादृच्छिक पेप्टाइडांचे संग्रह तयार झाले. लक्ष्य-प्रथिन पात्राच्या तळाशी बसवावयाचे, त्यावर सर्व विषाणू ओतावयाचे, न चिकटलेले धुऊन टाकावयाचे, चिकटलेले सोडवून जीवाणूंत वाढवावयाचे, आणि हीच क्रिया तीनचार वेळा करून शेवटी आतील लेखन वाचावयाचे, असा तिचा क्रम आहे. ही ना चाळणी, ना निवडणी. सोनाराच्या दुकानातील केर व राख धुऊन सोन्याचे कण काढणाऱ्यास मराठीत ‘झारेकरी’ म्हणतात. ही रीत त्याची आहे. इंग्रजीतही या क्रियेचे नाव नदीची वाळू धुऊन सोने काढण्यावरूनच पडले आहे. ‘धुऊन वेचणे’ असे म्हटले की क्रिया डोळ्यांपुढे उभी राहते.

आणि झारेकऱ्याची अडचणही ध्यानात येते : चकाकणारे सर्वच सोने नसते. काही पेप्टाइडे लक्ष्यास न चिकटता पात्राच्या प्लॅस्टिकलाच चिकटतात. काही विषाणू केवळ अधिक वेगाने वाढतात म्हणून अखेरीस बहुसंख्य ठरतात. वारंवार आढळणे म्हणजे अर्थपूर्ण असणे नव्हे, हा धडा शब्दगणना करणाऱ्या भाषाभ्यासकास नवा नाही.

४

तर मग भाषेचे रूपक सर्वस्वी टाकावे काय? तसे नव्हे. दोन ठिकाणी ते खरोखर उपयोगी पडते.

पहिले ठिकाण विश्लेषणाचे. ‘काळ’ आणि ‘गाळ’ यांत एकच वर्ण बदलला व अर्थ पालटला. म्हणून क आणि ग हे मराठीत अर्थभेदक ठरतात. पेप्टाइडांचे अभ्यासक साखळीतील एकेक घटक क्रमाने काढून त्या जागी ॲलनिन हे साधे ॲमिनो आम्ल ठेवतात, आणि कोठे पकड सुटते ते पाहतात. पद्धती तीच, तर्कही तोच.

दुसरे ठिकाण पर्यायशब्दांचे. एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक शरीरात तांबड्या पेशी वाढविते. विषाणूंच्या संग्रहातून त्याच ग्राहक-प्रथिनास जागविणारी लहान पेप्टाइडे मिळाली व १९९६ साली प्रसिद्ध झाली. मूळ संप्रेरकाच्या क्रमाशी त्यांचे साम्य नव्हते. ‘पाणी’ आणि ‘जल’ यांत वर्णसाम्य नसून कार्य एक, तसाच हा प्रकार.

परंतु येथेच रूपकाची खरी कसोटी लागते. या संशोधनातून पेजिनेसॅटाइड हे औषध निघाले. रक्तशुद्धीकरणावर असलेल्या रुग्णांच्या पांडुरोगासाठी मार्च २०१२ मध्ये त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि तीव्र, क्वचित प्राणघातक प्रतिक्रियांमुळे फेब्रुवारी २०१३ मध्ये ते परत घ्यावे लागले. दोष पेप्टाइडचा की औषधाच्या सिद्धतेतील अन्य घटकांचा, यावर पुढे संशोधन झाले. याच रीतीने सापडलेल्या पेप्टाइडवर आधारलेले, बिंबिकांची संख्या वाढविणारे रोमिप्लोस्टिम मात्र २००८ साली मान्य झाले आणि टिकले. दोघांचा आरंभ एकाच प्रकारच्या पात्रात झाला. त्यांचे भवितव्य त्या पात्रास सांगता आले नसते. पात्र एकच प्रश्न विचारते : पकड आहे काय? रोग बरा होईल काय, हा प्रश्न तेथे विचारलेलाच नसतो.

५

विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. हे ‘ग्रंथ’ कोणीही लिहिलेले नाहीत. त्यांचे पहिले ‘वाचन’ लक्ष्य-प्रथिन करते, पण ते वाचन म्हणजे केवळ स्पर्श होय. अर्थ ठरतो तो रुग्णाच्या देहात, पुष्कळ वर्षांनी, आणि कधी प्रतिकूल ठरतो. शब्दाचा अर्थ प्रसंगात सिद्ध होतो असे आपण वर्गात शिकवितो. तेच येथे अधिक कठोरपणे खरे आहे.

म्हणून अखेरची सूचना शोधाच्या फलाविषयी. संग्रहातून काही हाती लागताच ‘औषध सापडले’ असे लिहिण्याची प्रथा आहे. ती केवळ अचूकतेच्या दृष्टीने नव्हे, तर आजाऱ्याच्या आशेशी खेळणारी म्हणूनही त्याज्य आहे. मराठीत यास नेमका शब्द घराघरात ठाऊक आहे : ‘उमेदवार’. छाननीत अर्ज वैध ठरला म्हणजे कोणी निवडून आला, असे आपल्या खेड्यातील मतदारही समजत नाही. पेप्टाइड-संग्रहातून मिळतो तो उमेदवार. एवढा एक शब्द आपल्या विद्यार्थ्यांनी काटेकोरपणे वापरला, तरी परिभाषेचे पुष्कळ काम झाले असे प्रस्तुत लेखकास वाटते.