नेपल्सच्या वीरसंघाची सचित्र नियमपोथी

नियमांचा ग्रंथ वाचावयास घ्यावा आणि तो मुख्यतः पाहावयाचा ग्रंथ निघावा, असा अनुभव क्वचितच येतो. तारांतोच्या घराण्यातील नेपल्सचा राजा लुई याने १३५२ साली पवित्र आत्म्याच्या नावाने सरदारांचा एक संघ स्थापिला. ‘गाठीचा संघ’ हे त्याचे रूढ नाव. त्याच्या नियमांची पोथी आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. राजघराणे मूळचे फ्रेंच, म्हणून भाषा फ्रेंच. चित्रे मात्र नेपल्सच्याच क्रिस्तोफोरो ओरिमिनाची. पोथीची वाखाणणी बहुधा तिच्या सोनेरी कामासाठी होते, आणि ती रास्तही आहे. परंतु आम्हांस तिच्यात त्याहून निराळे, काहीसे अस्वस्थ करणारे असे काही दिसते.

संघात तीनशे सरदार असावेत, प्रत्येकाने अंगावर एक गाठ धारण करावी आणि तिच्याबरोबर देवाची इच्छा असल्यास, अशा अर्थाचे ब्रीद वागवावे. रणात असामान्य पराक्रम घडला, तर गाठ सोडावी. मग जेरुसलेमला येशूच्या समाधीचे दर्शन झाले, तर ती पुन्हा बांधावी. दरवर्षी पेंटेकॉस्टच्या सणास नेपल्सच्या समुद्रातील किल्ल्यात मेळावा भरावा. कवी व्हर्जिलने मंतरलेल्या अंड्यावर हा किल्ला तोलून धरला आहे, अशी तेथील दंतकथा. ज्यांची गाठ सुटली, त्यांस भोजनाला वेगळे मानाचे आसन. ज्याच्या हातून लाजिरवाणे कृत्य घडले, त्याने काळी वस्त्रे लेवून सर्वांदेखत वेगळे बसावे. पराक्रमांची नोंद दुसऱ्या एका ग्रंथात व्हावी. ही सारी भाषा ‘जर’ची आहे. नियमाची भाषा तशीच असते.

चित्रास मात्र ‘जर’ रेखाटता येत नाही. पवित्र भूमीकडे स्वारी निघाल्यास सरदारांनी काय करावे, हे मजकूर सांगतो. चित्रात गलबते निघालेलीच असतात, निशाणे फडकत असतात. तशी स्वारी लुईच्या हातून कधीच निघाली नाही. जेरुसलेम व सिसिली यांचा राजा म्हणून तो मिरवी. पण जेरुसलेम मुसलमानी सत्तेखाली होते आणि सिसिलीचे बेट १२८२ च्या उठावापासून घराण्याच्या हातून गेलेले होते. मजकुरातील इच्छा चित्रात इतिहास होऊन बसते.

याची गरज लुईस फार होती. राणी जोआना हिचा पहिला पती आंद्रे याचा १३४५ साली खून झाला. १३४७ साली लुईने तिच्याशी विवाह केला. सूड उगविण्यास हंगेरीचा राजा चालून आला, तेव्हा १३४८ च्या प्रारंभी दोघांनीही नेपल्स सोडले. पहिल्याच भव्य चित्रात तोच लुई आणि तीच जोआना परमेश्वराच्या त्रिमूर्तीसमोर गुडघे टेकून आहेत. रणातून मागे फिरण्याची लाज जाणणाऱ्या संघाचा हा संस्थापक! ओरिमिनास आम्ही खुशामतखोर म्हणणार नाही. धन्याचा मनोरथ त्याने मनापासून रंगविला, आणि म्हणूनच तो प्रभावी ठरला. समकालीनांस मात्र भूल पडली नव्हती. राजाचा कारभारी निक्कोलो आच्चायुओली याने या सरदारांच्या कथा फ्रेंचमध्ये लिहिल्या, याची बोकाच्चियोने १३६३ च्या एका पत्रात थट्टा केली आहे. लुई त्याच्या आदल्याच वर्षी वारला होता, आणि संघही त्याच्यामागे टिकला नाही.

पराक्रमांच्या नोंदीचा तो दुसरा ग्रंथ आज उपलब्ध नाही. नियमांची पोथी उरली. पोलंडहून परतणाऱ्या फ्रान्सच्या तिसऱ्या हेन्रीस व्हेनिसच्या सत्ताधीशांनी ती १५७४ साली भेट दिली. १५७८ साली त्याने स्वतः पवित्र आत्म्याच्याच नावाचा संघ काढला. उसनवारी उघड होऊ नये म्हणून त्याने पोथी जाळण्यास सांगितले व त्याच्या मंत्र्याने ती लपवून ठेवली, असे सांगतात. १८५३ साली पॅरिसमध्ये तिची हुबेहूब प्रत छापून निघाली.