यंत्र माणूस ओळखते काय?

गेल्या वर्षी एका कथास्पर्धेतील विज्ञानकथांचे परीक्षण आमच्याकडे आले होते. त्यांतील एका कथेत एका तांडेलाचे होकायंत्र होते. खोटे बोलणाऱ्याच्या हाती ते दिशा दाखवीत नसे. ‘असे यंत्र संभवत नाही’ असा शेरा मारून आम्ही ती कथा बाद केली. निर्णय कदाचित योग्य असेल. शेरा मात्र चुकला, हे ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स पुन्हा वाचताना आमच्या ध्यानी आले.

व्हर्नच्या १८६५ सालच्या कादंबरीत फ्लोरिडाच्या भूमीत ९०० फूट लांबीची तोफ ओतली जाते आणि तिच्या गोळ्यात बसून तिघे जण चंद्राकडे झेपावतात. वेल्सने १९०१ साली आपल्या दोघा प्रवाशांना चंद्रावर नेले ते ‘कॅव्होराइट’ या गुरुत्वाकर्षण अडविणाऱ्या काल्पनिक पदार्थाच्या बळावर. वृद्ध व्हर्नला हे रुचले नाही. आपण पदार्थविज्ञानाचा आधार घेतो, हा गृहस्थ मनाचे रचतो, अशी त्याची तक्रार होती.

गंमत अशी की, व्हर्नचे गणितही जीवघेणेच आहे. तेवढ्या नळीत सेकंदाला सुमारे ११ किलोमीटरचा वेग गाठायचा, तर प्रवाशांवर त्यांच्या वजनाच्या २० हजार पटींहून अधिक भार पडेल. व्हर्नने खाली पाण्याची गादी घातली आहे खरी. पण तिने त्यांचा चेंदामेंदा टळणार नाही. शक्याशक्यतेची फूटपट्टी लावली, तर दोन्ही कादंबऱ्या एकदमच बाद होतात!

वेल्स एकच थाप मारतो आणि मग तिची पुरेपूर किंमत मोजतो. कॅव्होराइट तयार होताच त्याच्यावरची हवा वजन हरपून वर उसळते, भोवतालची हवा आत घुसते आणि घराचे छप्पर उडते. पुढे त्याच पदार्थाच्या झडपा उघडून-मिटून यान हाकले जाते. कॅव्होर हा ज्ञानाचा वेडा, तर बेडफर्ड कर्जबाजारी आणि लोभी; कॅव्होराइट दोघांना सारखेच उचलते. ते माणूस पाहत नाही. आमच्या मते सीमारेषा इथे आहे.

अद्भुतकथेतील नवल माणूस ओळखते. रामायणातील पुष्पक विमान स्वामीच्या इच्छेने चालते आणि रामाच्या आज्ञेने कुबेराकडे परत जाते. त्यात इंजिन शोधणारे, आणि पवित्र शास्त्रातील चमत्कारांना वाऱ्याचे व भरती-ओहोटीचे हिशेब जोडणारे आमचे काही बंधू, दोघेही कथेचा प्राणच काढून घेतात. असो.

सी. एस. लुईसने ही सीमा चालत्या कथेत ओलांडली. १९३८ च्या कादंबरीत त्याचा नायक रॅन्सम यानातून मंगळावर पोचतो. त्याला पळवून नेलेले असते, पण यानाला त्याचे काय? १९४३ च्या पुढील कादंबरीत मात्र देवदूतांसारख्या शक्ती त्याला शवपेटीवजा पेटीतून शुक्रावर धाडतात. तिथे दुसरा कोणी चोरून बसला असता, तर ती पेटी हलली असती असे वाटत नाही. त्याच शुक्रावर दुष्ट वेस्टन स्वतःच्या यानातूनच उतरतो. ही सरमिसळ काहींना खटकते. आम्हांला तीच त्या पुस्तकाची ताकद वाटते.

डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठविली आणि ती पहिली आली. मराठी विज्ञानकथेला पुढे जी प्रतिष्ठा लाभली ती रास्तच होती. पण तिच्या छायेत अद्भुतकथेला पोरकट ठरविण्याची खोड आम्हां परीक्षकांना लागली.

ते होकायंत्र माणूस ओळखत होते. म्हणजे कथा चुकीच्या स्पर्धेत आली होती, इतकेच. तिचा खरा दोष निराळाच होता. शेवटी वादळात खोटारड्या तांडेलालाही होकायंत्र वाट दाखविते आणि होडी सुखरूप किनाऱ्याला लागते; लेखकाने आपणच घातलेला नियम आपणच मोडला होता. हे त्याला सांगायला हवे होते. हस्तलिखित आमच्या त्या एका ओळीच्या शेऱ्यासह केव्हाच परत गेले आहे.