केकी मूस यांचे टेबलटॉप छायाचित्रण : मांडलेल्या दृश्याचे सत्य

प्रस्तावना :
इंग्लंडमध्ये व्यावसायिक कलेचे शिक्षण घेतलेले छायाचित्रकार केकी मूस (१९१२-१९८९) यांनी जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव येथे, रेल्वे स्थानकाजवळच्या बंगल्यात, आयुष्याचा मोठा काळ एकांतात व्यतीत केला. त्यांच्याविषयीचे बरेचसे लेखन या एकांताभोवती आणि रात्रीच्या गाडीने येणाऱ्या प्रेयसीच्या प्रतीक्षेच्या आख्यायिकेभोवती फिरते. परिणामी व्यक्तीची दंतकथा झाली आणि कलाकृती मागे पडली. प्रस्तुत लेखात त्यांच्या टेबलटॉप छायाचित्रणाचा निर्मितिप्रक्रियेच्या अंगाने विचार केला आहे.

विवेचन :
टेबलटॉप पद्धतीत मेजावर लहानसहान वस्तू मांडून विस्तीर्ण दृश्याचा आभास निर्माण केला जातो. कॅमेरा वस्तूच्या अगदी जवळ असल्याने सुस्पष्टतेची खोली घटते; म्हणून भिंगाचे छिद्र लहान करून प्रकाशन दीर्घ ठेवावे लागते. एक दिवा सूर्य ठरला की सर्व सावल्या एकाच दिशेने पडाव्या लागतात. प्रेक्षकाला जिचा आकार ठाऊक आहे अशी एखादी वस्तू चुकून चौकटीत आली तरी सारा आभास कोसळतो. येथे कळ दाबणे ही निर्मितीची केवळ अखेरची पायरी असते.

पाश्चात्त्य रॉक संगीतातील एक उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. पिंक फ्लॉइडच्या 'ॲनिमल्स' (१९७७) या अल्बमच्या मुखपृष्ठासाठी डिसेंबर १९७६ मध्ये लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्रावर ४० फुटी फुगवलेले डुक्कर उडवण्यात आले. दोर तुटून ते केंट परगण्यात जाऊन पडले. पुढे डुक्कर पुन्हा उडवले गेले. पण तेव्हाचे आकाश हवे तसे नव्हते. अखेर आधीच्या दिवशीच्या आकाशावर डुकराची प्रतिमा जोडून मुखपृष्ठ सिद्ध झाले. म्हणजे घटना खरी, परंतु छायाचित्र जुळवलेले. टेबलटॉपमध्ये याच्या उलट घडते : दृश्य रचलेले, परंतु त्यावर पडलेला प्रकाश खरा.

मग रचलेले छायाचित्र असत्य मानावे काय? वृत्तछायाचित्र स्थळ-काळाची साक्ष देते. तेथे मांडणी ही फसवणूक ठरते. टेबलटॉप अशी साक्ष देण्याचा दावाच करीत नाही. त्याचे नावच त्याची कृती उघड करते. त्यामुळे त्याची कसोटी साक्षीची नसून प्रत्ययाची आहे. मात्र या पद्धतीची मर्यादाही नोंदवली पाहिजे. संपूर्ण नियंत्रणात योगायोगाला जागा उरत नाही. बॅटरसीचा वारा मेजावर वाहत नाही आणि अतिदक्ष मांडणी केवळ शोभेची वस्तू होण्याचा धोका राहतो.

निष्कर्ष :
मूस यांचा एकांत आणि त्यांचे टेबलटॉप यांचा संबंध नाकारता येत नाही; घराबाहेर न पडणाऱ्या कलावंताने मेजावर क्षितिज उभे केले, हे खरेच. परंतु एकांत हे त्या कलेचे कारण असू शकते, तिचे मूल्य नव्हे. ते मूल्य प्रकाश, प्रमाण आणि सावली यांच्या आधारेच ठरवावे लागेल. चाळीसगावच्या त्यांच्या कलादालनात जाणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या अभ्यासकांनी आख्यायिका क्षणभर बाजूला ठेवून आधी सावल्यांची दिशा पाहावी. समीक्षेचा आरंभ तेथूनच होऊ शकेल.