घागर कोणाची? स्प्रिंगच्या सेशन स्कोपबद्दल एक आक्षेप

मार्टिन फाउलर यांचा डिपेंडन्सी इंजेक्शनवरचा 2004 चा लेख वाचला नसेल, तर आधी तो वाचा. ऑब्जेक्ट कोणी पुरवायचा, हे त्यात छान उलगडतं. पण तो किती काळ जगतो, हा त्या लेखाचा मुख्य प्रश्न नाही. वेब ॲपमध्ये घोळ नेमका तिथेच होतो.

वालूरची चक्राकार बारव डोळ्यांसमोर आणा. बारव गावाची, घागर ज्याची त्याची. स्प्रिंगमधली सर्व्हिस म्हणजे बारव: सहसा एकच, ॲप चालू असेपर्यंत टिकणारी. कार्ट म्हणजे घागर: एका सेशनपुरती. बारवेनं पहिल्याच माणसाची घागर धरून ठेवली, तर पुढच्याला दुसऱ्याचीच कार्ट दिसेल.

यावर स्प्रिंगचा उपाय प्रॉक्सी. सर्व्हिसला खरी कार्ट मिळत नाही, तिचा मुखत्यार मिळतो. प्रत्येक कॉलला तो चालू सेशनमधली कार्ट शोधून काढतो.

माझा आक्षेप असा: कोडमध्ये हे साधं फील्ड दिसतं, त्यामुळे कार्टचं आयुष्य किती ते वाचणाऱ्याला कळतच नाही. एकाच ब्राउझरच्या दोन टॅबमधून रिक्वेस्ट एकदम आल्या, तर दोन थ्रेड एकाच कार्टला हात घालतात. प्रॉक्सी तिथे कुलूप लावत नाही. आणि बॅकग्राउंड थ्रेडला सेशन जोडलेलंच नसतं, तिथे कॉल फसतो.

म्हणून एखाद्या पेपरात ‘इंजेक्शनमुळे टेस्टिंग सोपं झालं’ असं वाचलंत, की विचारा: चाचणीत वापरकर्ते किती होते, टॅब किती? उत्तर ‘एक’ असेल, तर दुसऱ्याची कार्ट दिसण्याची किंवा दोन टॅबच्या टकरीची चूक तिथे दिसली नसती.