'वेंड' : एका क्षीण क्रियापदाचा विचार

इंग्रजीतील 'वेंड' हे क्रियापद आज बहुधा एकाच शब्दबंधात आढळते : 'वेंड वन्स वे', म्हणजे सावकाश, वळणावळणाने मार्ग क्रमणे. यास्तव 'जाणे' याचा जुना, काव्यमय पर्याय अशी त्याची संभावना होते. दुसरीकडे, 'गो'चे भूतकाळी रूप 'वेंट' हे अनियमित म्हणून विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतले जाते. ही दोन्ही विधाने सर्वस्वी चूक नव्हेत. परंतु ती परस्परांपासून तोडल्यामुळे मूळ घटनाच दृष्टीआड होते.

प्राचीन इंग्रजीतील 'वेंडान' हे 'विंडान' (वळणे) या धातूचे प्रयोजक रूप होय. मराठीतील 'पडणे–पाडणे' या जोडीसारखाच हा संबंध आहे. जर्मन 'वेंडेन' व गॉथिक 'वांद्यान' हे त्याचे सगोत्र शब्द. 'वळविणे' या अर्थावरून 'स्वतःस वळविणे' व पुढे 'जाणे' असा अर्थ झाला. 'पावले घराकडे वळली' या मराठी प्रयोगात हे संक्रमण सहज प्रतीत होते.

'गो'ला स्वतःचे भूतकाळी रूप प्राचीन काळीही नव्हते. 'एओदे' हे भिन्न धातूचे रूप ती उणीव भरून काढी. इ. स. १५०० च्या सुमारास दक्षिणेकडील इंग्रजीत त्याची जागा 'वेंट'ने घेतली. स्कॉट बोलीने मात्र 'गो'वरूनच 'गेड' हे रूप घडविले. 'सेंड–सेंट'प्रमाणे 'वेंड–वेंट' ही जोडी नियमानुसारच होती. 'वेंट' 'गो'कडे गेल्यावर 'वेंड'साठी 'वेंडेड' हे नवे रूप प्रचारात राहिले.

मराठीतही 'जा' हा संस्कृत 'या'पासून, तर 'गेला' हे 'गत'पासून आले. 'हो' व 'झाला' यांची मुळेही अनुक्रमे 'भू' व 'जात' अशी भिन्न आहेत. पाणिनीय परंपरा 'अस्'च्या स्थानी 'भू', 'ब्रू'च्या स्थानी 'वच्' असा आदेश सांगते. वर्णन या दृष्टीने ही व्यवस्था निर्दोष आहे. परंतु आदेश देणाऱ्या धातूने काय गमावले, हे तीवरून कळत नाही. 'वेंड'ने आपले सर्वांत प्रचलित रूप गमावले आणि त्याचा वावर आक्रसत गेला.

तात्पर्य, 'वेंट' हे रूप जात्याच अनियमित नव्हे. ते परक्या घरी नांदणारे नियमित रूप आहे. व्याकरणाच्या अध्यापनात 'अनियमित' हा शब्द जेथे विवेचनाची जागा घेतो, तेथे भाषेचा इतिहास विद्यार्थ्यास अपवादांची निरर्थक यादी वाटू लागतो.