पडद्यावरचं कोर्ट आणि झापणारे जज्जसाहेब

नांदेड किंवा लातूरच्या न्यायालयाच्या आवारात पेशीला आलेली माणसं पुकाऱ्याची वाट पाहत बसलेली असतात, तेव्हा त्यांच्या हातातल्या मोबाइलवरही पुष्कळदा कोर्टच चालू असतं. कुठल्याशा उच्च न्यायालयातले न्यायमूर्ती एखाद्या अधिकाऱ्याची खरडपट्टी काढत असतात. वर ठळक मथळा, मागे सिनेमातलं ढणढणतं संगीत, सगळा मामला मिनिटभराचा. 'कसा झाडला बघा' म्हणत तो व्हिडिओ शेजारच्याला दाखवला जातो. आत मात्र त्याच माणसाच्या वाटणीच्या दाव्याला पुढची तारीख पडलेली असते. हातातल्या कोर्टात न्याय मिनिटभरात होतो आणि समोरच्या कोर्टात तो वर्षानुवर्षं होत नाही. न्यायालयीन मनोरंजनाची आजची बाजारपेठ या दोहोंमधल्या अंतरावर उभी आहे. या मनोरंजनाचं कला म्हणून काय चाललं आहे, हे आपल्या भागातल्या प्रेक्षकाने नीट पाहायला हवं. कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारा माणूस आपल्याकडे घरटी सापडतो, आणि टाळ्याही तोच वाजवतो आहे.

कोर्ट रंगमंचावर आणण्यात मराठी माणूस कधीच मागे नव्हता. आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'चा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत झाला आणि पुढे कित्येक वर्षं महाराष्ट्र ते नाटक पाहत राहिला. फिरत्या रंगमंचावर एकामागून एक साक्षी उलगडत जात. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे वेगवेगळी नावं आणि वेगवेगळे वेश घेऊन फसवत गेलेला, आणि आता पिंजऱ्यात उभा राहून सगळंच नाकारणारा. लखोबा झालेल्या प्रभाकर पणशीकरांना पाहायला लोक येत, म्हणजे आरोपीला पाहायला येत. न्यायाधीशाची खुर्ची तिथे होती, पण नाटकाचा जीव सरतपासात, उलटतपासात आणि खोटं बोलणाऱ्याच्या हुशारीत होता. फसवल्या गेलेल्या बायकांच्या साक्षी प्रेक्षक कान देऊन ऐकत. साक्ष ऐकण्यातही रंजन असतं, हे त्या नाटकाने मराठी प्रेक्षकाला दाखवून दिलं. ते आपण विसरत चाललो आहोत.

पाच वर्षांनी, १९६७ मध्ये, विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' आलं आणि खेळ उलटा फिरला. हौशी मंडळींचा संच एका गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला येतो. वेळ घालवायला म्हणून ते आपल्यातल्याच बेणारेबाईंवर खोटा खटला भरतात आणि बघता बघता तो खरा होतो. सुलभा देशपांडे यांची बेणारे आणि अरविंद देशपांडे यांचं दिग्दर्शन यांबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. आजच्या विषयासाठी मला महत्त्वाचे वाटतात ते न्यायाधीश झालेले काशीकर. खुर्चीत बसून ते कान कोरतात, नीतिमत्तेवर बोलतात, आणि ऐन खटल्यात न्यायाधीशाच्या खुर्चीवरून उठून स्वतःच आरोपीविरुद्ध साक्ष द्यायला उभे राहतात. साक्षीदार तोच, न्याय देणारा तोच. आरोप भ्रूणहत्येचा, आणि निकाल पोटातला गर्भ नष्ट करावा असा. कठोर बोलणाऱ्या माणसाला न्यायासनावर बसवलं की काय होतं, हे तेंडुलकरांनी इतक्या उघडपणे दाखवलं की प्रेक्षकाला काशीकरांची बाजू घेणं अशक्य झालं. बेणारे संतापजनक वागते असं वाटणारा प्रेक्षकसुद्धा शेवटी त्या खोलीतल्या प्रतिष्ठित माणसांकडे संशयाने पाहू लागतो.

ही नजर तेंडुलकरांनी हवेतून आणली नव्हती. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तमाशाचे फड लागतात. ज्यांनी तिथे वगनाट्य पाहिलं आहे त्यांना राजाच्या न्यायनिवाड्याचा प्रसंग आठवत असेल. राजा गादीवर, प्रधान शेजारी, फिर्यादी समोर. राजा न्याय देत असताना सोंगाड्या त्याच्या प्रत्येक शब्दाला हटकत असतो. प्रेक्षक हसतो ते राजाच्या अधिकाराला, फिर्यादीच्या दैन्याला नाही. सत्ता ज्याच्या हातात, चिमटा त्यालाच, हा तमाशाचा रिवाज आहे आणि मराठी कोर्टनाट्याने तो नकळत पाळला.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या चित्रपटाने (२०१४) तो अधिक शांतपणे पाळला. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेल्या या कलाकृतीत कोणी ओरडत नाही. वीरा साथीदार यांनी साकारलेला लोकशाहीर नारायण कांबळे आरोपी आहे. सरकारी वकीलबाई कलमं एका सुरात वाचून दाखवतात, जामीन लांबत जातो. एका दृश्यात न्यायाधीश सदावर्ते एका बाईचं प्रकरण पुकारतात आणि तिच्या बिनबाह्यांच्या कपड्यांवरून सुनावणी पुढे ढकलतात. आवाज चढत नाही, पुढचं प्रकरण पुकारलं जातं. ती बाई किती लांबून आली, तिची मजुरी बुडाली का, काही कळत नाही. शेवटी कॅमेरा या न्यायाधीशांबरोबर त्यांच्या सहलीला जातो आणि आपल्याला त्यांचं अंकशास्त्र, त्यांची दुपारची डुलकी आणि त्यांचा राग दिसतो. खुर्चीतला माणूस खुर्चीबाहेर कसा आहे हे पाहण्याचं धाडस अलीकडच्या मराठी कलेत इतक्या स्पष्टपणे फार थोड्यांनी केलं आहे.

या परंपरेशेजारी दूरचित्रवाणीचं कोर्ट ठेवून पाहा. अमेरिकेत १९८१ मध्ये 'द पीपल्स कोर्ट' आणि १९९६ मध्ये 'जज ज्युडी' सुरू झालं. न्यूयॉर्कच्या कुटुंब न्यायालयात न्यायाधीश राहिलेल्या ज्युडिथ शाइंडलिन पंचवीस हंगाम, २०२१ पर्यंत, पडद्यावर वादी-प्रतिवादींना फटकारत राहिल्या. ते न्यायालय नव्हतंच. दोन्ही पक्षांनी आधी लवादाच्या करारावर सह्या केलेल्या असत, दावे लहान रकमांचे असत, आणि निकालात ठरलेले पैसे कार्यक्रमाची निर्माती संस्था भरत असे. हरणाऱ्याच्या खिशाला झळ बसत नव्हती, त्याचा मान तेवढा जात होता. तो जाताना पाहणं हाच कार्यक्रम होता.

आपल्याकडे ही वस्तू तुकड्यातुकड्यांनी आली. १९९३ पासून चालत आलेल्या 'आप की अदालत' या मुलाखतीच्या कार्यक्रमात पिंजरा खरा वाटतो, पण पिंजऱ्यातला पाहुणा हसत जातो. २००८ मध्ये 'आप की कचहरी' आली. भारतीय पोलीस सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी किरण बेदी तिथे घरगुती तंटे ऐकून निवाडा देत. तो अमेरिकन साच्याच्या सर्वांत जवळ जाणारा प्रयत्न होता. न्यायासनावर पोलीस अधिकारी बसवली याचं कोणाला फारसं नवल वाटलं नाही, कारण प्रेक्षकाला हवा होता तो दरारा. २०१० च्या 'अदालत' मालिकेत वकीलच गुप्तहेर झाला आणि न्यायाधीश हातोडा आपटण्यापुरते उरले. मराठी कौटुंबिक मालिकांतल्या कोर्टाच्या भागांबद्दल फार लिहावं असं काही नाही. तिथे साक्षीदार दारातून ओरडत आत येतो आणि निकाल लागून जातो.

तरीही हे का आवडतं, याचं उत्तर प्रेक्षकाला नावं ठेवून मिळणार नाही. महाराष्ट्राच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत पन्नास लाखांच्या वर प्रकरणं पडून आहेत. बांधावरून, धुऱ्यावरून, शिवरस्त्यावरून सुरू झालेला दावा बापाकडून मुलाकडे येतो. खावटीच्या अर्जासाठी माहेरी आलेली मुलगी भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून तारखा करते. वर दाद मागायची तर छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ नांदेड आणि लातूर दोन्हींपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आणि तिथलं कामकाज इंग्रजीत. खालच्या कोर्टांसाठी २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने मराठी ही न्यायालयाची भाषा ठरली, पण निकालपत्र हातात आल्यावर ते वकिलाकडून समजून घ्यावं लागतं हा अनेकांचा अनुभव आहे. अशा माणसाला पडद्यावरचा न्यायाधीश त्याच्या भाषेत, त्याच्या डोळ्यांसमोर, उर्मट अधिकाऱ्याला किंवा आईबापाला घराबाहेर काढणाऱ्या मुलाला जाब विचारताना दिसतो. त्याला बरं वाटणारच. त्या बरं वाटण्यात त्याच्या स्वतःच्या थांबलेल्या दाव्याचा सगळा शीण असतो.

गेल्या काही वर्षांत खेळ आणखी बदलला, कारण पडद्यावर आता खरीच कोर्टं आली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये थेट प्रक्षेपणाला तत्त्वतः मान्यता दिली आणि २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांचं कामकाज लोकांसमोर आलं. पहिल्याच दिवशी मराठी घराघरांत गेलं ते शिवसेनेतल्या फुटीचं प्रकरण. ११ मे २०२३ ला निकाल लागेपर्यंत पक्षांतरबंदी, व्हिप, राज्यपालांचे अधिकार हे शब्द पारावरच्या बोलण्यात आले. इंग्रजी युक्तिवाद आणि मराठी वाहिन्यांवरचं विवेचन ऐकत लोक तासन्‌तास बसले, तिथे कोणी कोणाला झापत नव्हतं. गुंतागुंतीची सुनावणी मराठी प्रेक्षक धीराने पाहतो याचा हा पुरावा आहे, आणि लोकांना फक्त तमाशाच हवा असतो म्हणणाऱ्यांनी तो ध्यानात घ्यावा.

लातूरकरांना यातला एक जुना धागा आठवेल. डिसेंबर १९९४ मध्ये संसदेतल्या प्रश्नोत्तराच्या तासाचं थेट प्रक्षेपण सुरू झालं, तेव्हा लोकसभेच्या अध्यक्षपदी लातूरचे खासदार शिवराज पाटील चाकूरकर होते. प्रश्न, उत्तर, पुरवणी प्रश्न, सगळं सलग दिसायचं. आज न्यायालयांचं प्रक्षेपणही सलगच होतं, पण आपल्यापर्यंत पोहोचतो तो कातरलेला तुकडा. चार तासांच्या सुनावणीतली झापाझापी तेवढी उचलायची, आधीचा युक्तिवाद आणि नंतरचा आदेश टाकून द्यायचा. झापल्या गेलेल्या माणसाचं म्हणणं काय होतं, शेवटी दिलासा कोणाला मिळाला, हे त्या तुकड्यात कधीच नसतं.

२०२२ मध्ये पाटणा उच्च न्यायालयातला असाच एक तुकडा देशभर फिरला. एक वरिष्ठ सनदी अधिकारी कोट न घालता आला म्हणून न्यायमूर्तींनी त्याला भर कोर्टात सुनावलं. आपल्याकडेही लोकांनी तो आनंदाने पुढे पाठवला. 'कोर्ट' चित्रपटातल्या बिनबाह्यांच्या प्रसंगाची इथे आठवण होते. कपड्यांवरून सुनावणं तेच, खुर्ची तीच. चित्रपट पाहताना आपण अस्वस्थ झालो होतो, मोबाइलवर आपण टाळ्या दिल्या. फरक समोर उभ्या असलेल्या माणसाच्या हुद्द्याचा होता एवढंच म्हणून हे सोडून देता येत नाही. अधिकाऱ्यावर चालणारी जीभ उद्या देगलूरच्या शेतमजुरावरही चालते, आणि तेव्हा व्हिडिओ कोणी पुढे पाठवत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींची न्यायासनावरची शेरेबाजी अशीच पसरली आणि सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. न्यायमूर्तींनी खेद व्यक्त केला आणि प्रकरण मिटलं.

काही जण रोड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहराचे न्यायाधीश राहिलेले फ्रँक कॅप्रियो यांचं उदाहरण देतात. वाहतुकीचे दंड माफ करणाऱ्या, म्हाताऱ्यांची विचारपूस करणाऱ्या या प्रेमळ माणसाचे व्हिडिओ आपल्याकडेही खूप पाहिले गेले. ते पाहून मलाही बरं वाटतं. तरी तिथेही गोष्ट न्यायाधीशाचीच होते. त्याच्या मर्जीवर सगळं अवलंबून आहे, मर्जी चांगली होती इतकंच. न्याय मागणाऱ्याचा हक्क पडद्यावर दिसत नाही, देणाऱ्याचं मन दिसतं.

भर सभेत अपमान करून दिलेल्या न्यायाची किंमत महाराष्ट्राला ठाऊक आहे. जातपंचायतींत पंच असाच दरारा दाखवत, बायकांना सगळ्यांसमोर उभं करत, दंड ठोठावत आणि वाळीत टाकत. बघायला सगळी जमात जमलेली असे. सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करायला आपल्याला २०१६ साल उजाडलं. पडद्यावर अपमानालाच निकाल मानायची सवय लागलेल्या प्रेक्षकाला गावातल्या पंचांचं वागणं फारसं चुकीचं वाटणार नाही, अशी मला काळजी वाटते. न्यायाधीशाबद्दल आदर वाटायचा तर तो वेगळ्या कारणानेही वाटू शकतो. मराठवाड्याचे नरेंद्र चपळगावकर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते आणि २०२३ मध्ये वर्ध्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. लोक त्यांना मान देत ते त्यांच्या विवेचक लेखनामुळे.

कला म्हणून निवाडा द्यायचा तर माझा निवाडा असा आहे की पडद्यावरचं कोर्ट आज 'तो मी नव्हेच'पेक्षा कमी रंजक आणि 'शांतता'पेक्षा कमी प्रामाणिक आहे. उलटतपासातली रंगत त्याने घालवली आणि न्यायासनाला प्रश्न विचारायची हिंमतही घालवली. मराठवाड्याचं कोर्ट तर पडद्यावर फारसं आलेलंच नाही. निझामी राजवटीतून आलेली कोर्टातली बोली, बांधावरून लढणारे सख्खे भाऊ, पक्षकाराला गोड बोलून पुढची तारीख सांगणारे वकील, तीस तारखांनंतर एका दुपारी लोकअदालतीत झालेली तडजोड, हे सगळं अजून लिहिलं जायचं आहे.

त्यासाठी लागणारी माणसं इथेच आहेत. राज्य नाट्य स्पर्धेत नांदेड केंद्रावर इथल्या हौशी संस्था नाटकं करतात. लातूरच्या दयानंद विधी महाविद्यालयात आणि नांदेडच्या नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालयात कायदा शिकणारी मुलं अभिरूप न्यायालयात उभी राहतात. या दोन्हींनी एकत्र बसून, चार दिवस आपल्याच तालुका कोर्टाच्या बाकावर काढून, एक नाटक लिहावं. जज्जसाहेब त्यात जरूर असावेत, रागीट असले तरी हरकत नाही. मात्र नाटकाचा अधिक वेळ पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला मिळावा.